विद्याशाखांची कुंपणे आणि खानदेशातील बौद्ध इतिहास

२०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाल्यापासून 'आंतरविद्याशाखीय संशोधन' हा शब्द विद्यापीठांच्या चर्चासत्रांत वारंवार ऐकू येतो. शब्द चांगला आहे. परंतु त्याची कसोटी कोणती? पुरातत्त्वज्ञ, पालीचे पंडित व रसायनतज्ज्ञ यांचे तीन निबंध एका पुठ्ठ्यात बांधले म्हणजे सहकार्य घडत नाही. एका शाखेच्या निष्कर्षामुळे दुसऱ्या शाखेस आपला प्रश्नच नव्याने मांडावा लागला, तरच सहकार्य झाले असे आम्ही मानतो. ही कसोटी बौद्ध अवशेषांच्या अभ्यासास लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अलीकडचे एक चांगले उदाहरण वेरूळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेले रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग यांनी तेथील लेण्यांच्या गिलाव्याची संयुक्त तपासणी केली. त्यांचा निबंध २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. गिलाव्याच्या मातीत भांगेचा वाख मिसळलेला आढळला. अजिंठ्याच्या गिलाव्यात तो नाही, आणि तेथील चित्रांची किडीने मोठी हानी केली आहे. एकट्या रसायनतज्ज्ञास धागा दिसला असता, वनस्पती ओळखता आली नसती. येथवर आमची कसोटी उतरते. परंतु ती भांग कोणी पिकविली, वाख कोणी काढला, माती कोणी मळली व डोंगरावर कोणी वाहिली, हे प्रश्न अर्थशास्त्राचे व समाजेतिहासाचे आहेत. त्या निबंधाचा तो विषय नव्हता, हे मान्य. पण धागा तेथेच सोडून देणे इष्ट नव्हे.

आता खानदेशाच्या सीमेवर येऊ. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगरात पितळखोरे आहे. तेथील लेण्यांवर म. न. देशपांडे यांचा विस्तृत निबंध १९५९ साली पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात आला. त्याच देशपांडे यांनी १९५६-५७ मध्ये गिरणाकाठच्या बहाळ येथे वस्तीच्या टेकाडाचे उत्खनन केले होते. पितळखोऱ्यातील यक्षमूर्तीवरील लेख सांगतो की ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली. अन्य लेखांत पैठणच्या गंध्याचे व राजवैद्याच्या कुटुंबाचे दान नोंदले आहे. लिपितज्ज्ञ हे नाव वाचतो, कलासमीक्षक मूर्तीचे सौष्ठव वर्णितो, आणि दोघेही आपापल्या दालनात परततात. सोनार दगड घडवितो, याचा अर्थ त्या काळी धंद्यांच्या भिंती नंतरच्या काळाइतक्या बंद नव्हत्या काय? हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या अभ्यासकाने विचारावयाचा; परंतु त्यास या चर्चेत क्वचितच बोलाविले जाते.

या उपेक्षेची सर्वांत मोठी किंमत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका सिद्धांताने मोजली आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गावाबाहेरचा वास आधीचा. तो पराभूत टोळ्यांतून फुटलेल्या लोकांचा. अस्पृश्यता नंतरची; ती इसवी सन ४०० च्या सुमाराची. हे लोक बौद्ध होते व त्यांनी गोमांस सोडले नाही, म्हणून ती त्यांच्यावर लादली गेली. पुरावा अपुरा आहे व तुटलेले दुवे तर्काने जोडावे लागले आहेत, हे बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते. म्हणजे पुढील अभ्यासकांसाठी त्यांनी काम नेमून दिले होते. आपण मात्र तो सिद्धांत एक तर मस्तकी धारण केला किंवा, विद्यापीठांनी केले तसे, बाजूस ठेवला. तपासला कोणीच नीट नाही. कारण तो कोणत्याही एका शाखेच्या आवाक्यातला नाही.

तपासण्याची साधने मात्र उपलब्ध आहेत. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यातील इनामगाव आणि धुळे जिल्ह्यातील कावठे येथे ताम्रपाषाणयुगीन वस्त्या खणल्या. इनामगावी घरे, धान्य, प्राण्यांची हाडे व मानवी सांगाडे यांचा तज्ज्ञांनी एकत्र अभ्यास केला. परंतु ऐतिहासिक काळ सुरू झाला की हाडे व धान्य मागे पडतात. नाणी, शिलालेख व राजवंश पुढे येतात. शिवाय खणली जाते ती प्रायः गावाची पांढरी. गावकुसाबाहेरची जमीन नव्हे. मग चौथ्या-पाचव्या शतकात गावाबाहेर कोण राहत होते व काय खात होते, हे कळणार कसे?

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ हे काम हाती घेऊ शकते. रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र व भाषा यांच्या प्रशाळा तेथे एकाच परिसरात आहेत. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रे सांभाळीत आहे. महार वतनांच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत. आणि तापी-गिरणा-पांझरेकाठच्या आमच्या वस्त्यांतील वृद्धांना शिवारांची नावे व जुन्या वस्तीच्या जागा ठाऊक आहेत. त्यांना 'माहिती देणारे' म्हणून तळटीपेत टाकू नये; प्रश्न ठरविताना त्यांना सोबत बसवावे. ज्यांच्या पूर्वजांचा हा इतिहास, तेच त्यातून वगळले गेले, तर शाखांची कुंपणे मोडूनही गावकूस तसेच राहील.

अशा तपासणीत सिद्धांताचा एखादा भाग टिकणार नाही, अशी भीती काहींना वाटेल. ती भीती बौद्धांस शोभत नाही. गुरूने सांगितले एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. बाबासाहेबांनीही आपल्या मांडणीस गृहीतक म्हटले, ते टीका व तपासणी यांना आमंत्रण देण्यासाठीच. ते आमंत्रण सत्तर वर्षांहून अधिक काळ अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर देणे हे खानदेशातील विद्वानांचे आणि आपणां सर्वांचे कर्तव्य होय.