महिकावतीची स्थापना : बखरीची साक्ष व तिची तपासणी

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं सन १९२४ मध्यें 'महिकावतीची बखर' छापून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून मुंबईच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्या बहुतेकांनीं तिचा आधार घेतला आहे. शके १०६० (सन ११३८) च्या सुमारास प्रतापबिंब उत्तर कोंकणांत उतरला, त्यानें शिलाहारांचा मुलूख जिंकला, ओसाड प्रदेशांत ६६ कुळें आणून वसविलीं आणि महिकावती म्हणजे माहीम येथें राजधानी केली, असा त्या वृत्तान्ताचा सारांश आहे. प्रस्तुत लेखकानेंही शिक्षकाचा पेशा करीत असतां अनेक वर्षें हा वृत्तान्त मुलांस निःशंकपणें सांगितला. सेवानिवृत्तीनंतर बखर व शिलाहारांचे लेख शेजारीं शेजारीं ठेवून वाचले, तेव्हां सांगितलेल्यापैकीं बरेंच परत घ्यावें लागेल असें दिसून आलें. तें परत घ्यावें, आणि बखरीचें खरें मोल कशांत आहे तें दाखवावें, हा या लेखाचा हेतु.

प्रथम ग्रंथाचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. ही एका लेखकाची कृति नव्हे. कांहीं भाग पद्य, कांहीं गद्य, आणि तेही निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं लिहिलेले, असा हा संग्रह आहे. त्यांतील जुना भाग केशवाचार्यांचा. तो मालाडच्या नायकोरावांच्या प्रेरणेनें शके १३७० (सन १४४८) मध्यें रचला गेला. हे थर वेगळे करून दाखविण्याचें श्रेय राजवाड्यांसच दिलें पाहिजे. परंतु त्यांनीं वेगळे केलेले थर मागाहून आलेल्या लेखकांनीं पुन्हा एकत्र कालविले, आणि 'बखर म्हणते' एवढें लिहून काम भागविलें. केशवाचार्यांचा काळ धरला तरी प्रतापबिंबाच्या स्वारीपासून तो ३१० वर्षांनीं पुढें पडतो. एवढ्या अंतरावरून आलेली साक्ष समकालीन लेखांशीं ताडून पाहिल्यावांचून घेतां येत नाहीं.

आतां ते लेख पाहूं. उरणजवळील चांजे येथें अपरादित्य शिलाहाराचा शिलालेख आहे. त्याचा शक १०६०, म्हणजे बखरीनें प्रतापबिंबाच्या आगमनास दिलेलेंच वर्ष. पुढें आगाशी येथें हरिपालदेवाचा लेख शके १०७२ चा, माहूल येथें त्याचाच शके १०७५ चा, आणि वसई येथें मल्लिकार्जुनाचा शके १०८३ चा. हे सर्व लेख वा. वि. मिराशी यांच्या शिलाहारलेखसंग्रहांत (सन १९७७) एकत्र पाहावयास मिळतात. नकाशा समोर ठेवावा : चांजे खाडीपलीकडे दक्षिणेस, माहूल पूर्वेस, वसई व आगाशी उत्तरेस. या चौकटीच्या आंत माहीम येतें. ज्या काळांत बखर बिंबांस उत्तर कोंकणचे राजे म्हणते, त्याच काळांत माहीमच्या भोंवतालीं शिलाहारांची राजवट दगडावर कोरलेली आहे.

आमच्या चिंचपोकळीस सर्वांत जवळचा लेख परळचा. हा शके ११०८ (सन ११८७) चा असून दुसऱ्या अपरादित्याचा आहे. षट्षष्टि म्हणजे साष्टींतील महवली गांवच्या एका बागेचें २४ द्रम्मांचें उत्पन्न वैद्यनाथदेवाच्या पूजेस दिल्याचें त्यांत नमूद आहे. लेख संस्कृतांत असून शेवटचें शापवचन मराठींत आहे. बखरीच्या हिशेबानें हें वर्ष महीबिंबाच्या अमदानींत पडतें. लेखांत मात्र राजा म्हणून अपरादित्यच आहे.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. दगड परळास सांपडला म्हणून तो मुळांत परळासच उभा होता असें सिद्ध होत नाहीं. दानाचा गांव साष्टींतला असल्यानें तो तिकडून हलविला गेल्याचा संभव सोडतां येत नाहीं. म्हणून केवळ या एका लेखावरून माहीमच्या स्वामित्वाचा निकाल लावणें योग्य नव्हे. साष्टी शिलाहारांकडे होती, एवढें मात्र त्यावरून निश्चित होतें, आणि साष्टी ज्याच्या हातीं नाहीं त्यास उत्तर कोंकणचा राजा म्हणतां येत नाहीं. बिंबांच्या बाजूनें कोणी म्हणेल कीं, शिलाहारांनीं मुलूख परत घेतला तरी माहीमचें बेट बिंबांकडे राहिलें असेल. असेलही, पण मग तो बेटावरचा ठाणेदार किंवा मांडलिक ठरतो, राजधानी स्थापणारा राजा ठरत नाहीं.

दुसरा प्रश्न ओसाडीचा. बिंब येण्यापूर्वीं हा प्रदेश जवळजवळ निर्जन होता, ही समजूत बखरीमुळें दृढ झाली आहे. परंतु सन १९३१ मध्यें परळ व शिवडी यांच्या दरम्यान रस्ता करतांना जी सात मूर्तींची प्रचंड शिवशिला सांपडली व जी बारादेवीच्या देवळांत पूजिली जाते, ती पांचव्या-सहाव्या शतकांतली मानली जाते. प्रतापबिंबाच्या निदान पांचशें वर्षें आधीं येथें अशी शिला घडविणारे कारागीर व त्यांस पोसणारे यजमान होते. घारापुरीचीं लेणींही त्याच सुमाराचीं आहेत. तेव्हां ओसाडी ही इतिहासाची नव्हे, स्थापनाकथेची गरज आहे. नवा संस्थापक यावयाचा, तर भूमि रिकामी हवी.

ही गरज केवळ आपल्याकडचीच नाहीं. थायलंडची बँकॉकपूर्वीची राजधानी अयुथया. तिचें नांव आपल्या अयोध्येवरूनच घेतलेलें. रामाधिपति राजानें ती सन १३५१ मध्यें स्थापिली असें तिकडील बखरी सांगतात, आणि हा राजा मूळचा कोठला याविषयीं त्यांचें आपसांत एकमत नाहीं. पण सन १६८० मध्यें सिद्ध झालेल्या त्यांच्या एका विश्वसनीय बखरींतच, तेथील एका थोर बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना सन १३२४ मधील म्हणून नोंदली आहे. म्हणजे नगरस्थापनेपूर्वीं २७ वर्षें! मूर्ति होती तेथें वस्ती होती, वस्ती होती तेथें धनिक होते. परळची शिवशिला हीच गोष्ट माहीमविषयीं सांगते.

तिसरा मुद्दा नांवाचा. महीबिंबावरून महिकावती हें नांव आलें असें कांहीं सुचवितात. संस्कृतांत 'महिका' म्हणजे धुकें किंवा हिंव. अमरकोशांत तो शब्द हिमाच्या पर्यायांत येतो. त्यावरून 'महिकावती' म्हणजे धुक्याची नगरी. राजाच्या नांवाशीं त्याचा कांहीं संबंध दिसत नाहीं. माहीम या देशी नांवास पंडितानें चढविलेला हा संस्कृत पोषाख असावा, असें माझें मत आहे. शिवाय माहीमें दोन : एक मुंबईचें, दुसरें केळव्याजवळचें. बखर वाचतांना यांपैकीं कोणतें अभिप्रेत आहे हें प्रत्येक स्थळीं तपासावें लागतें. तसाच घोटाळा बिंबांचाही. देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी (सन १२९६) झाल्यावर कोंकणांत आलेल्या यादव बिंबदेवाची कथा निराळी आहे, आणि पुष्कळांनीं ती प्रतापबिंबाच्या कथेंत मिसळून टाकली आहे.

मग बखर टाकाऊ ठरते काय? मुळींच नाहीं. ती शके १०६० ची साक्षीदार नसेल. शके १३७० ची आहे. त्या वेळीं राजसत्ता परकीयांची होती, जुन्या वृत्ति व मानपान यांविषयीं लोक साशंक झाले होते, आणि कोणतें कूळ कोठून आलें, कोणाचा हक्क कोणता, हें लिहून ठेवण्याची निकड उत्पन्न झाली होती. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द या बखरींत येतो तो याच निकडीपोटीं. राजधानीची स्थापनाकथा ही त्या हक्कांची पायरी आहे. हक्कास मूळपुरुष लागतो, मूळपुरुषास राजा लागतो. या दृष्टीनें वाचली म्हणजे बखरींतील कुळांच्या व गांवांच्या याद्या सोन्याच्या मोलाच्या ठरतात. पंधराव्या शतकांतील साष्टी व माहीम यांच्या समाजाचें इतकें तपशीलवार चित्र मराठींत दुसरीकडे मिळणें कठीण. ज्ञातींचे इतिहास लिहिणाऱ्यांनीं मात्र या याद्यांवरून बाराव्या शतकांतील कुलीनता सिद्ध करण्याचा मोह आवरला पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वसई, केळवें, माहीम या टापूंतील जुन्या घरांत बिंबाख्यानाची जी प्रत हातीं येईल, ती छापील बखरीशीं जुळवून 'शुद्ध' करूं नये. कागद, वळण, शेवटची पुष्पिका, मागाहून घातलेल्या ओळी, कडेला लिहिलेलीं नांवें, सर्व जसेंच्या तसें उतरून घ्यावें. प्रतीप्रतींतील फरक हेंच येथें प्रमाण आहे. कोणत्या पिढीस कोणता मूळपुरुष हवा होता, तें त्या फरकांतूनच कळेल. दुरुस्त केलेली पोथी सुबक दिसते, पण ती पुढें कांहीं सांगत नाहीं.

चिंचपोकळी, मुंबई.