वाहता द्रव, वळता प्रकाश

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या टोळ्या ज्या फडात ऊस तोडतात, तो फड तोडणीला आला की नाही हे ठरवायला हातात मावेल अशी एक नळी पुरते. रसाचा थेंब तिच्या काचेवर टाकायचा, झाकण दाबायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. आत उजेड-अंधाराची सीमारेषा दिसते. ती पट्टीवर जिथे थांबते तो ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा अंदाज. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर २० टक्के साखरेच्या द्रावणाचा सुमारे १.३६४. एवढ्याशा फरकाने प्रकाश वेगळा वळतो.

ऑप्टोफ्लुइडिक्स या आजच्या शास्त्राचा पाया हाच आहे. फक्त थेंबाऐवजी केसाएवढ्या नालीतून वाहणारा द्रव घ्यायचा. जिनिव्हाच्या कोलाडॉन या भौतिकशास्त्रज्ञाने पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून नेला आणि तो प्रयोग १८४२ मध्ये प्रसिद्ध केला. २००४ मध्ये हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकले. मधून कॅल्शियम क्लोराइडचे दाट द्रावण, दोन्ही बाजूंनी साधे पाणी. इतक्या अरुंद नालीत प्रवाह घुसळले जात नाहीत, शेजारी शेजारी सरकतात, आणि प्रकाश मधल्या दाट धारेत कोंडून राहतो. बाजूच्या पाण्याचा वेग बदलला की धार अरुंद होते, सरकते, आणि प्रकाशही तिच्यामागे जातो. घन काचेला हे कधीच जमणार नाही. पण दोन्ही द्रव हळूहळू एकमेकांत मिसळत राहतात. त्यामुळे प्रवाह सतत चालू ठेवावा लागतो, म्हणजे पंप आलाच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या गटाने रंगद्रव्य मिसळलेल्या सूक्ष्म थेंबांच्या रांगेतून लेसर मिळवला (२०१३). थेंब पडत राहतात, त्यांच्या जागी नवे येतात. रांगेतली किंचित अनियमितता इथे अडचण न ठरता उपयोगाची ठरते. मला या क्षेत्रातले हे सर्वांत देखणे काम वाटते. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूंचे संवेदक केले; वाकलेल्या जागी प्रकाश भोवतालच्या द्रवाला जास्त स्पर्श करतो, म्हणून द्रवातला बदल चटकन टिपता येतो. माझ्या मते पुढची वाट ही आहे. द्रवाने भिंग किंवा लेसर घडवण्याची हौस पुष्कळ झाली; पण ज्या कामात द्रवच तपासायचा आहे, तिथे तोच द्रव प्रकाशाची वाट झाला तर वेगळे यंत्र लागत नाही.

या क्षेत्राबद्दल माझी तक्रार सरळ आहे. चिप नखाएवढी असते, पण तिच्याभोवतीचे पंप, लेसर आणि सूक्ष्मदर्शक यांनी अख्खे टेबल भरते. शिवाय अशी चिप धारूरकडे पाणी तपासायला नेली, तर तिथल्या बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या बोअरचे पाणी गाळ आणि क्षार घेऊन येते. हवेचा एक बुडबुडा किंवा मातीचा कण अडकला की केसाएवढी नाली बंद. म्हणून अशा उपकरणावरच्या प्रत्येक शोधनिबंधात संवेदनशीलतेच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापला पाहिजे: विहिरीच्या न गाळलेल्या पाण्यावर ते किती तास चालले.