ताठ कण्याची मोटार

मोटारीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाटकातलंही कळत नव्हतं; पण खाणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त होईपर्यंत माजरीत कॉलनीच्या गणेशोत्सवात झालेल्या प्रत्येक नाटकाचं परीक्षण मी लिहिलं, आणि एका नटाचा अपवाद सोडला तर माझ्यावर कुणी हात उगारला नाही. त्यामुळे चिरंजीवांनी पहिल्या तीन पगारांतून आमच्या मारुती आठशेची 'चासी आवळून' आणली आणि "बाबा, एक चक्कर मारा आणि खरं सांगा" असं म्हटलं, तेव्हा मी ते रीतसर आमंत्रणच समजलो. गाडी 2011 सालची. तिच्यावर त्याचा जीव. आणि माझा त्याच्यावर. परीक्षण लिहायला यापेक्षा वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही.

प्रथम शीर्षकाविषयी. 'चासी आवळली' हे शीर्षकच चुकलेलं आहे. चासी असते ट्रकला. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांच्यावर मांडलेला सगळा संसार. मारुतीला निराळी चासी नाहीच. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचीही गोष्ट तीच होती, आणि अँबॅसिडरचीसुद्धा. पण चंद्रपूरच्या ज्या गॅरेजात हे काम झालं (नाव सांगत नाही, मालकानं चहा पाजला होता), तिथल्या मिस्त्रीला हा भेद मंजूर नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, गाडी दगडावानी झाली पाह्यजे. मंग पाहा, कशी रोडले चिकटून चालते!"

तर गाडी दगडावानी करण्यासाठी त्यानं तीन गोष्टी केल्या. बॉनेटखाली पुढच्या दोन्ही चाकांचे स्ट्रट जिथे वर येऊन टेकतात, त्या दोन टोकांमध्ये एक जाडजूड आडवा बार बसवला. चारही स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी बसकी केली. आणि शॉकअप काढून असे कडक घातले, की बॉनेटवर हात टेकून दाबलं तर गाडीऐवजी माझंच मनगट खाली जाई. स्प्रिंगचे वेढे कापले की ती नुसती आखूड होत नाही, ताठही होते. उरलेल्या थोड्या वेढ्यांना सगळी लवचीकता पुरवावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कण्याला मात्र पहिल्या गतिरोधकावरच कळलं.

पूर्वार्ध उत्तम झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कॉलनीतल्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी वळवली तशी वळत होती. स्टिअरिंग हलवलं आणि गाडीनं क्षणभर विचार करून मग ऐकलं, ही जुनी सवय गेली होती. वळणावर ती कलत नव्हती. चिरंजीव प्रत्येक वळणानंतर माझ्या तोंडाकडे बघत होते. "छान!" मी म्हणालो. आजही तो शब्द परत घ्यायला मी तयार नाही.

उत्तरार्धात आई होती. आईचं वय सत्त्याऐंशी, पाठीचे दोन मणके दबलेले. महिन्यातून एकदा तिला चंद्रपूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि वाटेत भद्रावतीला मावशीकडे ताकाचा डबा पोचवावा लागतो. पहिलं काम चुकलं तर एक वेळ चालतं.

माजरीचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खाली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याला आपल्याबरोबर नाचवते. वरून कोळशाचे ट्रक. भरलेला ट्रक वळणाआधी ब्रेक मारतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी मारतो, आणि तिथं डांबराच्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. म्हणजे लाटा असतात नेमक्या वळणाच्या तोंडाशी. गाडी ताठ केली होती तीही नेमकी वळणासाठीच.

त्या वळणावर गाडीनं रस्ता धरलाच नाही. चाकं लाटांच्या माथ्यामाथ्यावरून टणाटण उड्या मारत गेली, दोन लाटांच्या मधे खाली उतरलीच नाहीत, आणि हवेतल्या चाकाला वळण कसलं कळणार? साडेसहाशे किलोची ती पेटी तिरकी नाचत रस्त्याच्या मधोमध सरकली. समोरून कोळशाचा ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरनं आपली गाडी कच्च्या पट्टीत घातली म्हणून हे परीक्षण मी लिहितो आहे. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही. चिरंजीवांचे हात स्टिअरिंगवर होते आणि ते थरथरत होते. मी मागं पाहिलं. आईनं एका हातानं दाराची कडी धरली होती, दुसऱ्या हातानं डबा, आणि डोळे मिटून घेतले होते. भद्रावतीला डबा उघडला तेव्हा मावशी म्हणाली, "माय, ताकावर पुन्हा लोणी कसं आलं वं?"

परतीला आई म्हणाली, "मी रेल्वेनं जाईन." माजरी जंक्शनच्या जिन्याचं तिला किती भय आहे हे मला ठाऊक आहे. चिरंजीव रात्री जेवले नाहीत.

नंतर महिनाभर मी त्याचीच पुस्तकं वाचून काढली. (त्यानं ती घेतली होती, चित्रं पाहिली होती.) वळणावर बाहेरच्या चाकांवर किती भार पडणार, हे वेग, वळणाचा आकार, गाडीच्या वजनाची उंची आणि दोन बाजूंच्या चाकांतलं अंतर यांवर ठरतं. स्प्रिंग ताठ केल्यानं तो भार जायचा थांबत नाही. गाडी कललेली दिसत नाही, इतकंच. बसकी केल्यानं थोडा फायदा होतो, नाही असं नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या रेसच्या ट्रॅकवर या मिस्त्रीचं काम कदाचित वाखाणलंही जाईल. पण त्या ट्रॅकवरून आईला ताक पोचवायचं नसतं.

आडव्या बारची गोष्ट मात्र निराळी. सांगाडाच पिळवटत असेल तर तो स्वतःच एक स्प्रिंग होऊन बसतो, आणि त्या स्प्रिंगला शॉकअप नसतो. मग खालच्या खऱ्या स्प्रिंगांनी काम करायचं कसं? लोटस मोटारींच्या कॉलिन चॅपमननं हे ओळखलं होतं. 1962 सालच्या त्याच्या एलान गाडीला मधोमध पाठकण्यासारखी पोलादी चासी होती आणि स्प्रिंगा मात्र मऊ. त्याच वर्षी त्यानं रेसची लोटस पंचवीस काढली, तिचा सांगाडा पत्र्याच्या पेटीचा, हलका आणि ताठ. तिच्यातून जिम क्लार्क 1963 साली जगज्जेता झाला. मऊपणाच्या बाबतीत फ्रेंच त्याच्याही पुढचे. 1948 साली सित्रोएननं टूसीव्ही गाडी लोकांपुढे आणली, तिच्यासाठी अटच अशी होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटू नये. त्यांच्याकडे अंडी होती, आमच्याकडे आई.

हे सगळं मी चिरंजीवांना समजावत होतो तेव्हा आई बाजेवर पडून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबू, बाजेचं लाकूड ताठ असलं त चांगलंच. सुतळीबी लाकडासारखी केली त निजाव कसं?" चॅपमनला चित्रं काढावी लागली होती.

मिस्त्रीकडे गेलो. तो रागावला नाही, पण त्याला पटलंही नाही. "इकडचे ट्रकवाले एकेक पाटा वाढवून घेतेत भाऊ, ते का येडे हायेत?" येडे नाहीत, त्यांच्या पाठीवर कोळसा असतो. तोच ट्रक रिकामा परतताना कसा ढोल वाजवत जातो, हे माजरीत रात्री झोपू न शकणाऱ्या कुणालाही विचारावं.

बार ठेवला. शॉकअप आणि स्प्रिंगा बदलल्या. कापलेले वेढे काही परत जोडता येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या चार स्प्रिंगा विकत घ्याव्या लागल्या, आणि चिरंजीवांचा चौथा पगारही त्यात गेला. गाडी आता वळणावर थोडी कलते. आई मागं बसते, डबा मांडीवर, कडी न धरता. पुढं बसलेला नातू आता वळण आलं की आधी आरशात तिच्याकडे बघतो, मग रस्त्याकडे. हे चूक आहे, असं मी त्याला दोनदा सांगितलं आहे.

कापलेल्या वेढ्यांपैकी एक आईनं मागून घेतला, राखेनं घासला आणि मोरीजवळ माठाखाली ठेवला. माठ तसूभर हलत नाही. त्या जागी एवढा ताठपणा मला मान्य आहे.