माणसांची भिंत

राजकीय भ्रष्टाचार हा विषय घेतला की आमचे लेखक बहुधा एक खलपुरुष उभा करतात आणि अखेरीस त्याला शासन घडवून मोकळे होतात. वाचकाचेही समाधान होते, कारण दोष परस्पर दुसऱ्याच्या पदरी पडतो. बऱ्हाणपुरात बसून मराठी वाङ्मय वाचणाऱ्या आम्हांस मात्र हे समाधान पुरेसे वाटत नाही. आमच्या शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड आहे. १६०० मध्ये अकबराने बऱ्हाणपूर सहज घेतले. गड मात्र कित्येक महिने हाती येईना. जानेवारी १६०१ मध्ये तो पडला. दरबारी इतिहासकार गडावरील रोगराईवर भर देतात. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तान्तानुसार अकबराने गडावरील अधिकाऱ्यांना द्रव्य देऊन वश केले. हा वृत्तान्त ग्राह्य धरला, तर लाच देणाऱ्या बादशहापेक्षा तटाच्या आतील माणसांचाच विचार अधिक करावा लागतो.

असा विचार मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने केला, असे आमचे मत आहे. हे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यास प्रथम झाले. नाना फडणवीसांची व पुण्याच्या ब्राह्मणांची त्यात विटंबना झाली, असा आक्षेप आला. मूळ संस्थेने प्रयोग थांबविले आणि १९७४ मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा सुरू केले. आक्षेपकांची दृष्टी नानांवर खिळली होती. नाटकाचे मर्म मात्र पाठमोऱ्या उभ्या राहणाऱ्या माणसांच्या भिंतीत आहे. ही भिंत गाते, नाचते, देवाचे नाव घेते आणि वेळ येताच पाठ फिरवून थोरांचे विलास झाकते. चोरीचा खोटा आळ घेऊन घाशीरामाला हाच समाज बडवतो. सूडाने पेटलेला घाशीराम पोटची मुलगी नानांस देऊन कोतवाली मिळवतो. सौदा दोघांचा, पण तो झाकणारे पुष्कळ. अखेर जमाव घाशीरामाला ठेचतो. नानांच्या केसालाही धक्का लागत नाही.

तथापि एक उणीव नोंदविणे आम्हांस अवश्य वाटते. भिंतीतील माणसांना स्वतंत्र व्यक्तित्व नाही. पाठ फिरविण्यापूर्वी त्यांतला एखादा क्षणभर अडखळला, असे दिसत नाही. त्यामुळे प्रेक्षक त्यांना हसतो. त्यांच्यात स्वतःला ओळखत नाही. मुलाच्या प्रवेशासाठी वशिल्याची चिठ्ठी आणणारा, दाखल्यासाठी टेबलाखालून पैसे सरकविणारा आणि संध्याकाळी पुढाऱ्यांना शिव्या देणारा सभ्य गृहस्थ नाट्यगृहातून निर्धास्त बाहेर पडतो.

म्हणून हे नाटक शिकविताना अध्यापकांनी ‘नाना खरोखर असे होते काय?’ या वादात तास घालवू नये. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनीच सांगून ठेवले आहे. विद्यार्थ्यांस विचारावे ते एवढेच, की त्या भिंतीत उभे राहण्यास नकार देणारा माणूस नाटकात का नाही, आणि आपल्या गावात तो निघाला तर आपण त्याच्या बाजूस उभे राहू काय?