प्रक्षेपक, फळा आणि अध्यापन : टफ्टी यांच्या टीकेची मर्यादा

एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये ‘द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट’ या निबंधातून स्लाइडवरील मुद्देवजा लेखनावर कठोर टीका केली. कोलंबिया अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही त्याच वर्षी त्यांच्या विश्लेषणाची दखल घेतली. यानाच्या पंखाला झालेल्या संभाव्य हानीविषयीची अनिश्चितता एका स्लाइडच्या उपमुद्द्यांत दडून गेली होती, हे त्या विश्लेषणाचे सार.

हा आक्षेप सबळ आहे. परंतु तेथे स्लाइडने लिखित अहवालाची जागा घेतली होती. वर्गात ती फळ्याची जागा घेते आणि हानीचे स्वरूप पालटते. फळ्यावर गणिताची सिद्धता ओळीओळीने उलगडते. खडूचा वेग हाच वहीचा वेग असतो. पडद्यावर तीच सिद्धता क्षणार्धात पूर्ण अवतरते आणि विद्यार्थी विचार सोडून नक्कल करू लागतो. त्यातून खिडक्या बंद करून अंधार केलेला असेल, तर नक्कलही धड होत नाही.

याउलट, मोडी दस्तऐवज शिकविताना प्रक्षेपकाला पर्याय नाही. मूळ कागदावरील एकेक वळण मोठे करून दाखविता येते आणि संपूर्ण वर्ग एकाच अक्षराकडे पाहतो. पेशीविभाजनाच्या सूक्ष्मचित्राचेही तसेच. मात्र पाहून झाल्यावर पडदा रिकामा करणे अगत्याचे आहे. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो, आणि वर्गाची नजर पुन्हा अध्यापकाकडे वळते.