कंसातील साल आणि वाङ्मयीन पुरावा

संदर्भ देण्याची पद्धती ही शोधनिबंधाची बाह्य सजावट होय, हा समज मराठीच्या संशोधनव्यवहारात इतका रुजलेला आहे की प्रबंधाच्या अखेरच्या आठवड्यात टंकलेखकाच्या स्वाधीन करावयाचे काम म्हणूनच तिच्याकडे पाहिले जाते. स्वल्पविराम कोठे, आडनाव आधी की नाव आधी, एवढ्यापुरतीच चर्चा सीमित राहते. वस्तुतः प्रत्येक संदर्भपद्धतीत पुरावा कशाला म्हणावे, लेखक कोणाला म्हणावे आणि ज्ञानाचा काळाशी संबंध कोणता, यांविषयीची एक भूमिका गृहीत असते. ज्या ज्ञानशाखेत ती भूमिका घडली तेथे ती स्वाभाविक असते. अन्य शाखेने ती स्वीकारताना मात्र तिची तपासणी व्हावयास हवी.

कंसात लेखकाचे आडनाव आणि साल देण्याची जी रीत ‘हार्वर्ड पद्धती’ या नावाने ओळखली जाते, तिचा उगम प्राणिशास्त्रात आहे. एडवर्ड लॉरेन्स मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली शंखहीन गोगलगायीच्या एका जातीतील अंड्याच्या परिपक्वन-फलनावर दीर्घ लेख लिहिला. या रीतीचा आढळलेला पहिला वापर त्या लेखातील मानला जातो. अशा लेखनात साल का महत्त्वाचे, हे सहज उमगते. पेशीविभाजनाची अमुक अवस्था प्रथम कोणी पाहिली, नंतरच्या निरीक्षकाने तीत कोणती दुरुस्ती केली, हा क्रम म्हणजेच त्या विषयाचा इतिहास. पृष्ठाची निकड तेथे बहुधा नसते, कारण निर्देश शब्दांचा नसून निष्कर्षाचा असतो आणि निष्कर्ष दुसऱ्या शब्दांत सांगितल्याने बदलत नाही.

वैद्यकाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले आणि हस्तलिखितांसाठी त्यांनी समान नियम ठरविले. त्या पद्धतीत मजकुरात नाव नाही, सालही नाही; केवळ क्रमांक. सूची वर्णानुक्रमाने नव्हे, तर निर्देश ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने. लेखक सहाहून अधिक असतील तर पहिल्या सहांनंतर ‘आणि इतर’. लेखकाचे व्यक्तित्व येथे जवळजवळ विरघळून जाते, आणि ज्या शाखेत एका लेखाला दहा-वीस जणांचे हात लागतात तेथे ते योग्यच आहे.

चार्ल्स बेझरमन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैज्ञानिक लेखाविषयीच्या ग्रंथात अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नियमपुस्तिकेचे विवेचन केले आहे. १९२९ साली या सूचना सात पृष्ठांच्या होत्या. १९८३ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या दोनशेच्या आसपास पोचल्या. बेझरमन यांच्या मते ही नुसती नियमांची वाढ नव्हे. ज्ञान हे लहान लहान निष्कर्षांची भर पडून साचत जाते, ही एका विशिष्ट मानसशास्त्राची धारणा लेखनाच्या आकृतिबंधात मुरविली गेली. याउलट, भाषा-साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या एमएलए पुस्तिकेने १९८४ मध्ये तळटिपांऐवजी कंसातील निर्देश स्वीकारला तेव्हा साल गाळून पृष्ठांक ठेवला. वाङ्मयाच्या अभ्यासात ‘केव्हा’ याच्या आधी ‘कोठे’ येते, अशी ही निवड होती. येथे शब्द हाच पुरावा असतो.

सामाजिक शास्त्रांच्या वाटेने लेखक-साल पद्धती मराठीतील शोधनिबंधांतही आली. तिच्यामुळे नेमके काय घडते, हे मर्ढेकरांच्या संदर्भात पाहता येईल. ‘मर्ढेकरांची कविता’ हा समग्र संग्रह १९५९ चा. कवीचे निधन १९५६ चे. निबंधात ‘(मर्ढेकर, १९५९)’ अशी नोंद आली की ‘शिशिरागम’ (१९३९), ‘काही कविता’ (१९४७) आणि ‘आणखी काही कविता’ (१९५१) हे तिन्ही टप्पे एका सालात गोठतात. गंमत अशी की ज्या निबंधाचा सारा युक्तिवाद ‘शिशिरागम’मधील रविकिरणी वळणापासून ‘काही कविता’मधील प्रतिमासृष्टीपर्यंतच्या स्थित्यंतरावर उभा असतो, त्याच्याच कंसांत ते स्थित्यंतर नाहीसे झालेले असते. मूळ आणि पुनर्मुद्रणाची साले तिरक्या रेषेने जोडून देण्याची सोय मानसशास्त्राच्या पद्धतीत आहे. परंतु एका ग्रंथात तीन संग्रह असताना प्रत्येक कवितेपुरते मूळ साल अभ्यासकालाच शोधावे लागते. म्हणजे ज्या श्रमातून पद्धती सुटका करील असे वाटत होते, तेच श्रम पुन्हा पुढे उभे राहतात. ते टाळता येत नाहीत, टाळूही नयेत.

लेखकाच्या नावाचा प्रश्न निराळा आहे. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, वर्णानुक्रमाच्या सूचीत एकच व्यक्ती ‘क’ आणि ‘श’ अशा दोन ठिकाणी विभागली जाते. सूची नीटनेटकी करण्याच्या उत्साहात पुष्कळदा कुसुमाग्रजांना शिरवाडकरांच्या खाली दडपले जाते. ही दुरुस्ती नव्हे. कवितेसाठी एक नाव आणि नाटकासाठी दुसरे, ही लेखकाने स्वतः केलेली वाङ्मयीन कृती आहे. दोन्ही नोंदी ठेवून परस्परनिर्देश देणे हाच मार्ग. (ज्ञानेश्वरांची नोंद ‘ज’खाली की अगदी शेवटी ‘ज्ञ’खाली, हा वाद ज्याने त्याने आपापल्या कोशापुरता मिटवावा; सूचीत सुसंगती असली म्हणजे झाले.)

खरी कसोटी लागते ती मध्ययुगीन संहितांच्या बाबतीत. ‘(तुकाराम, १९५०)’ ही नोंद केवळ विनोदी नाही, ती दिशाभूल करणारी आहे. १९५० हे मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या गाथेचे साल. पंडितांची इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ ते १८७३ मधील. जोगमहाराजांची सार्थ गाथा वेगळी, देहूची वेगळी. या गाथांत अभंगांचा क्रम सारखा नाही, काही ठिकाणी पाठही सारखा नाही. अशा वेळी ‘तुकाराम, अभंग क्र. अमुक’ एवढाच निर्देश वाचकाला एका गाथेत इष्ट अभंगाकडे नेतो आणि दुसरीत भलत्याच अभंगाकडे. निर्देश औपचारिकदृष्ट्या निर्दोष असूनही पडताळणी अशक्य होते. शिवाय संपादक कंसातून बाहेर राहतो. पाठ निवडणारा, क्रम लावणारा तोच. आपण वाचतो ती संहिता त्याच्या निर्णयांची असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या तपासणीसाठी साम्याची टक्केवारी ठरवून दिली आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठेवले. त्यानंतर संदर्भांविषयीची जागरूकता वाढली, हे खरे. मात्र ही जागरूकता बहुतांशी अवतरणचिन्हांपुरती आहे. शब्द कोठे जुळतात हे संगणक सांगतो. दिलेला निर्देश त्या ओळीपर्यंत पोचतो की नाही, हे ग्रंथ उघडल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा गाथेचा निर्देश देताना अभंगाचा आरंभीचा चरण, गाथेची आवृत्ती, संपादक वा प्रकाशक आणि त्या आवृत्तीतील क्रमांक या चार गोष्टी एकत्र याव्यात. कंसात त्या मावणार नाहीत. तळटीप पुन्हा आणावी लागेल, आणि तीत गैर काही नाही. ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत तर चरणाचाही आधार नाही. ह. ना. नेने यांचे संपादन आणि वि. भि. कोलते यांची १९७८ ची प्रत समोरासमोर ठेवली की लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. तेथे पूर्वार्ध की उत्तरार्ध, लीळेचे शीर्षक, संपादक आणि पृष्ठ असा संपूर्ण पत्ताच लिहावा लागतो.