भुताला जागा हवी

विलायती भूतपटांचं एक बरं असतं, भुतांची राहण्याची सोय उत्तम असते. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) घ्या. बर्फात अडकलेलं अख्खं हॉटेल आणि राहणारी माणसं किती? नवरा, बायको, पोरगा. काळाचौकीच्या चाळीत एवढी माणसं नुसत्या पोटमाळ्यावर झोपतात. 'सायको'मधला (१९६०) न्हाणीघरातला खून तर आमच्याकडे अशक्यच. बाहेर बालदी घेऊन उभा असलेला दुसऱ्या मिनिटाला कडी वाजवणार.

तरी कुब्रिकला मी पैकीच्या पैकी गुण देतो. पोराची तीनचाकी लाकडी जमिनीवर खडखडते, गालिच्यावर गप्प होते, पुन्हा खडखडते. भीती त्या गप्प होण्यात आहे. गिरणगावाला हे समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढे एकेका गिरणीचा भोंगा कायमचा गप्प झाला.

आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात तर भूतही नाही आणि वाडाही नाही. उघड्या दिवसा मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, बस्स. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माझी बोबडी वळली ती तिथं. ड्रॅक्युलाला निदान उजाडल्यावर पेटीत परतावं लागतं. ही मंडळी उजाडल्यावर कामावर येतात.